उन्हाळ्यात ऐकलेलं

जूनच्या मध्यावर राज्यात इतरत्र शाळांच्या घंटा वाजायला लागतात, तेव्हा विदर्भातल्या शाळांना कुलूपच असतं. मृग लागला तरी ऊन हटत नाही, म्हणून आमच्या शाळा उशिरा उघडतात आणि आम्हा मास्तर मंडळींच्या वाट्याला माहेर जरा जास्त येतं. मी शिकवते वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, एका जिल्हा परिषद शाळेत. माहेर मात्र विदर्भाच्या पार दुसऱ्या टोकाला, गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधजवळच्या एका खेड्यात. इकडे कापूस, तूर, सोयाबीन आणि उघडी माळरानं; तिकडे धानाच्या बांध्या म्हणजे खाचरं, तळी, बोड्या म्हणजे लहान तळी, आणि जंगल. त्या मुलखाला झाडी म्हणतात. नुकतीच तिथून परतले आहे.

आल्या आल्या शाळेतल्या मैत्रिणींनी नेहमीचं विचारलं, यंदा काय वाचलंस, काय पाहिलंस, आम्हाला काय सांगतेस? दरवर्षी माझ्याकडे नावं तयार असतात. यंदाही आहेत, पण यादी देऊन मोकळं व्हावंसं वाटत नाही. कारण या सुट्टीत जे जे मनात भरलं ते मी एकटीनं वाचलेलं वा पाहिलेलं नाही. चार माणसांत बसून ऐकलेलं नाहीतर ऐकवलेलं आहे, आणि ती चार माणसं गप्प नव्हती.

पहिलं पुस्तक मारुती चितमपल्लींचं, ‘नवेगावबांधचे दिवस’. चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, जन्म १९३२चा. वनखात्याच्या नोकरीत इकडे आले आणि नवेगावबांधला रमले. २०२५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले. बातमी आली तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या उन्हाळ्यात हे पुस्तक नवेगावच्या तळ्याकाठी बसून पुन्हा वाचायचं.

तळ्याकाठी बसणं काही जमलं नाही. मे महिन्यात आमच्या घरी नुसतं कुणी बसत नाही. तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम असतो. अंधार असतानाच बायका-माणसं घोळक्यानं जंगलात निघतात. घोळक्यानंच जावं लागतं, कारण वाघ आहे. या दिवसांत पानं तोडायला, त्याआधी मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसांवर हल्ले होतात. दर उन्हाळ्यात अशी एखादी बातमी आसपासच्या जिल्ह्यांतून येतेच. घरची माणसं परत येईपर्यंत मागे राहिलेल्यांचं लक्ष वाटेकडे असतं. ऊन चढायच्या आत पानांची ओझी घेऊन सगळे परततात, आंबील पितात, जेवतात, आणि मग ओसरीत पुडके बांधायचं काम सुरू होतं.

एका पुडक्यात ७० पानं. अशा १,००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी धरतात आणि मजुरी त्यावर ठरते. पान भोकाचं नको, फार कोवळं नको, फार जून नको. वहिनी एकेक पान उचलते, अंगठ्याखाली एकदा दाबते, आणि त्या दाबातच तिला कळतं की हे ठेवायचं की टाकायचं. पान पानावर बसवत जाते, देठ जुळवते, ओठांत मोजत राहते. ७० झाली की सालीच्या दोरीचा एक वेढा, एक गाठ, पुडकं बाजूला. दिवस कलायच्या आत सगळे पुडके फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात त्या जागी, न्यायचे असतात, म्हणून हात थांबत नाही. धानाचं बियाणं आणि पोरांच्या वह्या-पुस्तकं याच पैशांतून येतात.

मी पानं लावायला बसले तर वहिनी म्हणाली, “तुम्ही वाचा ना जी ताई, हात आमचे गुंतले हायेत, कान मोकळेच हायेत.” तशी मी भिंतीला टेकून वाचायला लागले.

आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. हे लहान पोरालाही माहीत असतं. सांगणारा एक वाक्य सांगतो, ऐकणारा “हूं” म्हणतो, मग पुढचं वाक्य. हुंकार थांबला की सांगणाऱ्यानंही थांबायचं. ऐकणारा झोपला असेल, नाहीतर रुसला असेल. मोठी आई, म्हणजे थोरली काकू, अगदी त्या जुन्या रितीनं मला हुंकार देत होती. तळ्यावर उतरणारे पक्षी आले, हूं. पाण्यावरचं धुकं आलं, हूं. पण तिची पानं साठाच्या पुढे गेली की हुंकार बंद व्हायचा. मी पुढे वाचायला लागले की हात वर करायची. “थांब वो, सत्तर होऊ दे.” गाठ मारून झाली की स्वतःच म्हणायची, “हां, आता सांग, ते बदकं कुठं गेले?” थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मी परिच्छेद संपल्यावर थांबतच नाहीये, मोठ्या आईचं पुडकं संपलं की थांबते आहे. मग पुस्तक संपेपर्यंत तसंच वाचलं.

त्या वाचनात सगळ्यांनी हात घातला. माधवराव पाटील डोंगरवार यांचं नाव आलं आणि ओसरीतले म्हातारे सावरून बसले. नवेगावच्या जंगलाची आणि पाण्याची खडान्खडा माहिती असलेला हा माणूस. चितमपल्लींनी त्यांच्याकडून किती घेतलं ते त्यांनी स्वतः पुन्हा पुन्हा लिहून ठेवलं आहे. मग तळ्याचा विषय निघाला आणि मोठ्या बाबांनी, म्हणजे थोरल्या काकांनी, सूत्रं हातात घेतली. “आता ते ठेव, आयक.” पुस्तक मांडीवर उलटं पडलं.

नवेगावचं तळं अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं, कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेलं. भोवती डोंगर आहेत, त्यांना सात बहिणी म्हणतात. बांधणाऱ्या कोलू पाटलाला पुढे लोकांनी देव केलं, कोलासूर म्हणून. त्याचं ठाणं तिथेच डोंगरावर आहे. एवढं छापील माहितीतही सापडतं. मोठे बाबा सांगत होते ते पाण्याच्या वाटेविषयी. कुठल्या डोंगरावरून पाणी उतरतं, ते कुठे अडवलं, सांडवा कुठे काढला, खालच्या बांध्यांना पाणी सोडायचं तर आधी कुणाच्या आणि मग कुणाच्या. कोहळी समाजानं गोंड राजांच्या काळापासून या भागात शेकडो तळी बांधली. तळं बांधेल त्याला जमीन, अशी ती रीत होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत आजही हजारो माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांकडे असलेले, तलाव आहेत आणि धानाची पुष्कळ शेती त्यांवर उभी आहे. बऱ्याच तळ्यांत गाळ साचलाय, बेशरमीची झुडपं माजली आहेत. मोठे बाबा त्यावर बोलताना चिडतात आणि ते चिडणं मला योग्य वाटतं. ज्यांनी इतक्या नेमकेपणानं पाणी अडवलं त्यांचं काम तीनशे वर्षं टिकलं, आणि आपल्याला त्यातला गाळ काढायला वेळ नाही.

शेजारचे एक ढिवर, म्हणजे मासेमार समाजातले, काका रोज थोडा वेळ येऊन बसायचे. ते काही बोलत नसत. एकदा पिल्लांना सांभाळणाऱ्या एका पक्ष्याविषयी मी वाचत होते तर ते एकदम म्हणाले, “मरड बी तसाच करते.” मग सांगू लागले. मरळ मासा पावसाळ्यात पिल्लं काढतो. पिल्लं लालसर असतात, हजारोंनी एकत्र राहतात, पाण्यावर लाल गोळा तरंगताना दिसतो. खाली मायबाप दोघं राखण करतात, जवळ येईल त्याच्यावर धावून जातात. त्या लाल गोळ्याजवळ जाळं टाकायचं नाही, असं त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. आता टाकतात का, म्हणून भावानं विचारलं. “टाकतात गा,” एवढंच बोलले आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

रात्री बाजा अंगणात यायच्या. एके रात्री जेवणं झाल्यावर गावाबाहेरच्या पडीत जमिनीकडून रातवा ओरडायला लागला. उंचावरून सोडलेला चेंडू टप्पे घेत घेत जागीच थांबावा, तसा तो आवाज. आधी सुटा सुटा, मग भरभर, मग नुसती थरथर. भाच्याला मी म्हटलं, या पक्ष्याच्या नावाचं चितमपल्लींचं एक पुस्तक आहे. त्यानं विचारलं, “मग त्यांनी आपल्याच गावातला ऐकला असंल का आत्या?” आपल्याच गावातला नसेल, पण फार लांबचाही नसेल, असं मी सांगितलं. त्यानं दुसऱ्या दिवशी शाळेच्या जुन्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं, रातवा, आमच्या पडीतला. खाली तारीख.

हे पुस्तक मी आधीही वाचलं होतं, आर्वीला, एकटीनं, कुलरसमोर बसून. तेव्हा त्यात मला पाणी आणि पक्षी दिसले होते. या वेळी माणसं दिसली. मोठ्यांदा वाचलं नसतं तर ती इतकी दिसली नसती, असं मला वाटतं, आणि म्हणून मी मैत्रिणींना नुसतं पुस्तकाचं नाव सांगत नाही, कसं वाचा तेही सांगते.

दुसरी आवडलेली गोष्ट नाटकाची. उन्हाळा हा झाडीपट्टीच्या नाटकांचा मोसम नव्हेच. धान निघतं, हातात चार पैसे येतात, भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागते, तेव्हा नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं. रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडतो आणि तांबडं फुटायच्या सुमाराला नाटक संपतं. मंचावर वरून माईक लोंबत असतात, एका बाजूला ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. गावात नाटक असलं की घरोघरी पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. पाहुण्याला मध्यरात्री परत पाठवायचं कुठे, म्हणून नाटक रात्रभर चाललेलंच बरं, असं मोठे बाबा म्हणतात.

यंदा मे महिन्यात आमच्या नात्यात लग्न होतं. रात्रीची जेवणं आटोपल्यावर मंडपात जुनी मंडळी जमली. कुणीतरी पेटी आणली. मोठे बाबा तरुणपणी गावच्या हौशी नाटकांत काम करायचे. त्यांच्या बरोबरीचे एक म्हातारे गृहस्थ तेव्हा स्त्रीपात्र करत. त्या काळी बायका मंचावर येत नसत. त्या रात्री दोघांनी एका जुन्या गावठी नाटकातला प्रवेश उभा केला. मुलगा शहरात शिकून परत येतो आणि आईला ओळख दाखवत नाही, एवढीच गोष्ट. आईचं काम करणारे ते गृहस्थ आता पार थकलेले, धोतर नेसलेले, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले. पहिलं वाक्य बोलताना त्यांनी उपरण्याचं टोक डोक्यावरून पुढे ओढलं, बस. त्या एका हालचालीत मंडप गप्प झाला.

मधेच ते अडकले, पुढचं वाक्य सुचेना. तेव्हा मांडवाच्या कोपऱ्यात भांडी आवरत असलेल्या एका आजीनं ते वाक्य जागेवरून पूर्ण केलं. त्यापुढचं वाक्य दुसरीनं. त्या बायका कधी मंचावर गेल्या नव्हत्या. पोरींच्या वयात तट्ट्याआड बसून त्यांनी ते नाटक पाहिलं होतं आणि तेवढ्यावर आईचं सगळं भाषण त्यांना पाठ होतं. शेवटी प्रवेश संपला तो दोघातिघींच्या आवाजात, आणि ते गृहस्थ नुसते हात जोडून उभे होते.

झाडीपट्टीचं नाटक भडक असतं, रडारड फार असते, असं शहरातली माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. थंडीच्या रात्री उघड्या शेतात हजारो माणसं बसलेली असतात, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत दुःख पोचवायचं असतं. तिथे आवाज आणि अभिनय तेवढाच लागतो. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ५,०००हून अधिक प्रयोगांत ८०० भूमिका केलेला हा कलावंत या रंगभूमीवर घडला. हल्ली नाटकात मधले नाच वाढत चाललेत, ते मला आवडत नाही, आणि मोठ्या बाबांना तर मुळीच नाही. पण त्या मंडपातल्या आज्यांना जे पाठ होतं ते नाच नव्हते.

तिसरी गोष्ट सिनेमाची. १९७७चा ‘देवकीनंदन गोपाला’, दिग्दर्शक राजदत्त, आणि गाडगेबाबांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. भाच्यानं दुपारच्या वेळी मोबाइलवरून टीव्हीला जोडून लावला. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. यंदा १५० वर्षं झाली. हातात खराटा, अंगावर चिंध्या, दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं. त्यांचं कीर्तन म्हणजे लोकांना प्रश्न विचारणं. कर्ज काढून सण करावा का, देवाला बकरं कापावं का, पोराला शाळेत घालावं का. लोकांनी उत्तर दिल्याशिवाय बाबा पुढे जात नसत. लागूंचा आवाज त्या जागी मऊ होत नाही. विचारणाऱ्याला उत्तर हवंच आहे, हे त्यात कळतं. आमच्या घरात झालं ते असं की पडद्यावरची गर्दी बोलायच्या आधीच मोठी आई उत्तर देऊ लागली. “नाही जी, नाही काढावा.” तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. शेतीवरच्या कर्जाचे दिवस या घरानं पाहिले आहेत. लागूंना याहून मोठी दाद मिळाली असेल असं मला वाटत नाही.

तुकडोजी महाराजांविषयी थोडंच सांगते. संध्याकाळी गावात सामुदायिक प्रार्थना होते, भगव्या टोप्या घातलेले म्हातारे आणि काही पोरं जमतात, ग्रामगीतेतला थोडा भाग वाचतात, खंजिरीवर भजन होतं. १९५५ साली आलेला हा ४१ अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ. गावाचे रस्ते, आरोग्य, श्रमदान, स्त्रियांचा मान, व्यसन, सगळं त्यात आहे. महाराजांचं मोझरी माझ्या आर्वीपासून जवळ, वर्धा नदीपलीकडे. १९४२च्या ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या आष्टीत आणि तिकडे चिमुरात एकाच दिवशी लोक पेटून उठले, तेव्हा त्यांच्या भजनांचा त्यात वाटा धरून इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं होतं. माहेर आणि नोकरीचं गाव यांच्यात भाषा बदलते, पीक बदलतं, माती बदलते. खंजिरी मात्र दोन्हीकडे तीच ऐकू येते, याचा मला दरवेळी आनंद होतो.

परतीचा प्रवास एसटीचा. कोहमारा, साकोली, भंडारा, नागपूर, तळेगाव, आर्वी. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडी बायकांनी भरलेली असते, आणि ते मला फार बरं वाटतं. आई-मावश्या कारण नसताही लेकीला भेटायला निघतात. पिशवीत सुरेश भटांचा ‘एल्गार’ होता, १९८३चा. शेजारी नागपूरला परीक्षेच्या तयारीसाठी राहणारी एक मुलगी बसली होती. तिनं पुस्तक मागून घेतलं आणि पहिली ओळ हळूच वाचून माझ्याकडे पाहू लागली. शेराची दुसरी ओळ येईपर्यंतचा तो थांबा गझलेत ऐकणाऱ्यासाठीच ठेवलेला असतो. भंडारा येईपर्यंत आम्ही तसंच वाचत आलो.

आता शाळा उघडायची तयारी चालू आहे. वर्ग झाडून झाले, फळ्यांना रंग झाला. मी मुख्याध्यापक सरांकडे एक तास मागितला आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधीचा, मोठ्यांदा वाचायचा. मुलांनी त्यात मधेच बोलायचं, त्यांना माहीत असेल ते सांगायचं, त्यांच्या वऱ्हाडीतच सांगायचं. सुरुवात चितमपल्लींपासून करणार आहे. आमच्या पोरांनी तळी फार पाहिलेली नाहीत, पण टिटवी, तितर, नीलपंख हे त्यांच्या धुऱ्यावरचे, शेताच्या बांधावरचे, पक्षी आहेत आणि त्यांची अंडी कुठे असतात हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. आज्यांनाही बोलवायचं आहे. त्यांना नुसतं बसायला सांगितलं तर त्या येणार नाहीत, म्हणून तूर निवडायचं सूप सोबत आणा असा निरोप दिला आहे. सरांनी विचारलं, गोंगाट होईल का? होईल, म्हणून सांगितलं. त्यांनी तास दिला.

मैत्रिणींना मात्र एवढ्यावर सोडलेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना माहेरी न्यायचं ठरलंय, मंडईतलं नाटक दाखवायला. मोठ्या बाबांना फोनवर विचारलं तर त्यांनी लगेच हिशोब मांडला: भाऊबीज होऊ द्या, गावातल्या पोरांनी कंपनीची तारीख घेतली की कळवतो, तिकीट पुढच्या रांगेचं काढून ठेवतो, एकेक जाड चादर घेऊन या. “आन त्या बायांना सांगून ठेव बाई, मधात उठाचं नाही. नाटक संपल्यावर चहा घरीच हाय.”